प्लेलिस्ट मधेच थांबते तेव्हा: यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप लागत नसेल तर काय करावे

माझी आई रोज सकाळी पोळ्या करताना मोबाइलवर अभंगांची प्लेलिस्ट लावते. फोन ओट्याच्या कडेला, पिठाच्या डब्याला टेकवून उभा असतो. मध्यंतरी पहिला अभंग संपला की दुसरा लागेनासा झाला आणि त्याऐवजी कधी बातम्या, कधी लग्नातली गाणी, कधी कुणाची तरी मुलाखत सुरू होऊ लागली. दर वेळी कणकेचे हात धुवायचे, पदराला पुसायचे, फोनवर जाऊन पुढचा अभंग शोधायचा आणि पुन्हा पोळपाटाकडे वळायचे, असे दोन आठवडे चालले. शेजारच्या मुलाने ॲप काढून पुन्हा घालून पाहिले. मी फोनवरून तीनदा विचारले, ‘‘ऑटोप्ले चालू आहे ना?’’ ते, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारी सोय, चालूच होते. घरी गेल्यावर मी तिला नेहमीसारखे लावून दाखवायला सांगितले, तेव्हा उलगडा झाला. घरच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या लिंकवरून ती अभंग लावत होती, आणि ती लिंक प्लेलिस्टची नसून फक्त पहिल्या व्हिडिओची होती. म्हणजे ऑटोप्ले आपले काम चोख करत होता. प्लेलिस्ट मात्र मुळात उघडतच नव्हती.

तेव्हापासून कुणीही ‘प्लेलिस्ट आपोआप पुढे जात नाही’ अशी अडचण सांगितली की मी आधी सेटिंगकडे वळत नाही. व्हिडिओ नेमका कसा थांबतो हे विचारतो, कारण थांबण्याच्या तऱ्हेवरूनच बहुतेक वेळा कारण कळते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. तो यूट्यूबपुरता आहे आणि यूट्यूब नुकतेच वापरू लागलेल्या, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोन सांभाळणाऱ्या वाचकांसाठी आहे.

आधी पाहा, मग हात लावा

प्लेलिस्ट नेहमीप्रमाणे लावा, चालू व्हिडिओ शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांपर्यंत पुढे सरकवा आणि फोनला हात न लावता शेवट पाहा. भलताच व्हिडिओ लागला, तर बहुधा प्लेलिस्ट उघडलेली नाही. तोच व्हिडिओ पुन्हा सुरू झाला, तर पुनरावृत्तीचे बटण दाबले गेले आहे. व्हिडिओ संपून गोल बाणाचे, म्हणजे ‘पुन्हा पाहा’ असे चिन्ह पडद्यावर राहिले, तर पुढे जाण्याचा आदेशच मिळालेला नाही. पडद्यावर एखादी चौकट येऊन ‘पुढे पाहायचे आहे का’ अशा अर्थाचे काही विचारत असेल, तर बिघाड काहीच नाही. ॲप तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे. गोल चक्र फिरत राहिले, तर पुढचा व्हिडिओ लागला आहे, पण इंटरनेट पुरत नाही किंवा तो विशिष्ट व्हिडिओच अडला आहे. आणि फोनचा पडदा बंद होताच आवाज गेला असेल, तर ती गोष्ट वेगळीच आहे. तिच्याविषयी पुढे येईलच.

ही तपासणी सलग दोन-तीन व्हिडिओंवर करावी. प्रत्येक व्हिडिओनंतर अडत असेल तर कारण सेटिंगमध्ये, लिंकमध्ये किंवा ब्राउझरमध्ये (क्रोम, फायरफॉक्स यांसारख्या संकेतस्थळे उघडण्याच्या प्रोग्रॅममध्ये) असते. ठरावीक एकाच व्हिडिओपाशी अडत असेल तर तो व्हिडिओच तपासावा लागतो. बराच वेळ सुरळीत चालून मग थांबत असेल तर कुठला तरी टायमर किंवा बॅटरी वाचवण्याची सोय आड येत असते. एवढे वर्गीकरण केले तरी निम्मे काम होते.

एकाच नावाच्या वेगवेगळ्या सोयी

नवख्या वापरकर्त्याचा गोंधळ होतो तो ‘ऑटोप्ले’ हा शब्द यूट्यूबवर आणि ब्राउझरमध्ये वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो म्हणून.

पहिली सोय म्हणजे व्हिडिओवर दिसणारे ऑटोप्लेचे छोटे सरकते बटण. मोबाइलवर व्हिडिओला एकदा स्पर्श केला की ते वरच्या बाजूला दिसते. संगणकावर ते व्हिडिओच्या खालच्या पट्टीत असते. सुट्टा व्हिडिओ संपल्यावर यूट्यूबने स्वतः निवडलेला मिळताजुळता व्हिडिओ लावायचा की नाही, हे ठरवणे हे त्या बटणाचे मुख्य काम आहे. प्लेलिस्टमध्ये पुढे काय लागायचे ते यूट्यूब निवडत नाही, ते प्लेलिस्टच्या क्रमाने ठरते. ही दुसरी गोष्ट. तरीही पुढची तपासणी करताना हे बटण चालू ठेवावे, म्हणजे निदान ती एक शंका मिटते. १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांच्या खात्यांवर ते मुळातच बंद असते. ऑगस्ट २०२१ मध्ये तसा बदल जाहीर झाला होता आणि मुलांसाठीच्या यूट्यूब किड्स ॲपमध्येही ऑटोप्ले आधीपासून बंदच ठेवलेले असते. म्हणून मुलाच्या फोनवर ते बंद दिसले तर कुणी तरी छेडछाड केली असे समजू नये.

तिसरी सोय मुखपृष्ठावर खाली-वर सरकताना व्हिडिओ आपोआप, बहुधा मुका, चालू होतो ती. तिचे सेटिंग स्वतंत्र आहे आणि प्लेलिस्टशी तिचा काही संबंध नाही. डेटा वाचावा म्हणून ती बंद करणे चांगलेच. पण ‘मी ऑटोप्ले बंद केले आणि तरी व्हिडिओ चालूच होतात’ किंवा याच्या उलट तक्रार करणारे बहुतेक जण पहिल्या आणि या तिसऱ्या सोयीची गल्लत करत असतात. चौथी गोष्ट आहे ब्राउझरची परवानगी, आणि ती फक्त संगणकावर किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये यूट्यूब पाहणाऱ्यांना लागू होते.

प्लेलिस्ट खरोखर उघडली आहे का

आता मुख्य पायरी. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त अडचणी इथेच सुटतात, म्हणून इथे थोडे रेंगाळावे लागेल.

मोबाइलवर प्लेलिस्ट उघडली असेल तर व्हिडिओच्या खाली किंवा पडद्याच्या तळाशी एक पट्टी दिसते. तिच्यावर प्लेलिस्टचे नाव, पुढे लागणाऱ्या व्हिडिओचे नाव आणि चालू व्हिडिओचा क्रमांक, जसे की ‘३/४०’, अशा स्वरूपाची माहिती असते. पट्टीला स्पर्श केला की संपूर्ण प्लेलिस्ट उघडते. संगणकावर हीच प्लेलिस्ट व्हिडिओच्या उजव्या बाजूला स्वतंत्र चौकटीत दिसते. पट्टी किंवा चौकट नसेल तर तुम्ही सुट्टा व्हिडिओ पाहत आहात, मग तो कितीही मोठ्या प्लेलिस्टमधला असो.

असे का होते ते लिंककडे नीट पाहिल्यावर समजते. संगणकावर प्लेलिस्टमधला व्हिडिओ चालू असताना वरच्या पट्टीतला पत्ता वाचून पाहा. त्यात इंग्रजी ‘व्ही’ या अक्षरापुढे बरोबरचे चिन्ह आणि त्यानंतर ११ अक्षरे-अंकांची खूण असते. ती त्या एका व्हिडिओची ओळख. त्यापुढे ‘लिस्ट’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि आणखी एक लांबलचक खूण असते. ती प्लेलिस्टची ओळख, आणि लोकांनी बनवलेल्या प्लेलिस्टची खूण सहसा ‘पीएल’ या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. हा दुसरा भाग लिंकमध्ये नसेल तर ती उघडणाऱ्याला फक्त एक व्हिडिओ मिळतो. एखादा व्हिडिओ पाहताना त्याच्याखालच्या ‘शेअर’ बटणाने पाठवलेली लिंक सहसा अशी तोकडी असते. माझ्या आईपर्यंत पोहोचलेली लिंक याच जातीची होती.

म्हणून प्लेलिस्ट कुणाला पाठवायची असेल तर आधी प्लेलिस्टचे स्वतःचे पान उघडावे, म्हणजे जिथे वर तिचे नाव, व्हिडिओंची संख्या आणि ‘सर्व प्ले करा’ असे बटण असते ते पान, आणि तिथला शेअर पर्याय वापरावा. पाठवल्यानंतर ती लिंक स्वतः एकदा उघडून खाली पट्टी दिसते का ते पाहावे. लांबलचक लिंक हाताने कापून ‘सुटसुटीत’ करण्याचा मोहही टाळावा, कारण कापला जाणारा भाग नेमका प्लेलिस्टचा असतो.

लिंक पूर्ण असूनही समोरच्याकडे प्लेलिस्ट उघडत नसेल तर ती कुणाला दिसावी याचे सेटिंग पाहावे. प्लेलिस्ट सार्वजनिक, असूचीबद्ध किंवा खाजगी अशी तीन प्रकारची असते. असूचीबद्ध प्लेलिस्ट शोधात सापडत नाही, पण लिंक असलेल्या कुणालाही उघडता येते. घरच्या गटासाठी हा प्रकार उत्तम. खाजगी प्लेलिस्ट मात्र इतरांना दिसत नाही. ‘नंतर पहा’ ही यादी तर कायमच खाजगी असते. तिच्यातून व्हिडिओ चालू करून पत्ता पाठवला, तर तुमची यादी समोरच्याच्या फोनवर उघडणे शक्यच नसते. ‘नंतर पहा’मध्ये जमवलेले व्हिडिओ इतरांना द्यायचे असतील तर त्यांची निराळी प्लेलिस्ट बनवणे, हाच मार्ग आहे.

आईसाठी मी शेवटी लिंकचा मार्गच सोडून दिला. तिच्या खात्यात ती प्लेलिस्ट जतन करून ठेवली, आणि ‘तुम्ही’ या पानावरून प्लेलिस्ट उघडून ‘सर्व प्ले करा’ दाबायचे, ही एकच वाट तिला चार सकाळी समोर बसून गिरवून घेतली. वयस्कर माणसाला सेटिंग समजावून सांगण्यापेक्षा रोजची एक ठरलेली वाट अंगवळणी पाडून देणे कितीतरी उपयोगी पडते.

तोच व्हिडिओ पुन्हा, किंवा उलटा क्रम

प्लेलिस्टच्या पट्टीत एकमेकांमागे फिरणाऱ्या दोन बाणांचे बटण असते. ते एकदा दाबले की संपूर्ण प्लेलिस्ट संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दुसऱ्यांदा दाबले की बाणांसोबत छोटा ‘१’ दिसतो आणि चालू व्हिडिओच पुन्हा पुन्हा लागतो. तिसऱ्यांदा दाबले की दोन्ही बंद. खिशात किंवा लहान मुलाच्या हातात हे बटण सहज दाबले जाते. संगणकावर व्हिडिओवर माउसचे उजवे बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीतही पुनरावृत्तीचा पर्याय असतो. तिथे बरोबरची खूण असेल तर ती काढावी. शेजारी एकमेकांना छेदणाऱ्या बाणांचे बटण चालू असेल तर व्हिडिओ मनमानी क्रमाने लागतात. गाण्यांना ते चालते. अभ्यासक्रमाच्या व्याख्यानांचा त्याने चुराडा होतो.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना आणखी एक त्रास होतो. चाळीस व्याख्यानांच्या प्लेलिस्टमध्ये चाळिसावे आधी आणि पहिले सर्वांत शेवटी असते, कारण बनवणाऱ्याने नवे व्हिडिओ वर घातलेले असतात. तिसरे व्याख्यान संपले की आपोआप दुसरे लागते आणि विद्यार्थ्याला वाटते की ऑटोप्ले बिघडले. प्लेलिस्ट तुमची स्वतःची असेल तर संगणकावर तिच्या पानावरील क्रमवारीचा पर्याय उघडून ‘जोडल्याची तारीख, सर्वांत जुने आधी’ असे निवडावे. दुसऱ्याच्या प्लेलिस्टचा क्रम बदलता येत नाही. पण तिच्या पानावरील तीन ठिपक्यांच्या यादीतून सर्व व्हिडिओ आपल्या नव्या प्लेलिस्टमध्ये घेता येतात आणि मग तिथे हवा तो क्रम लावता येतो. एका प्लेलिस्टमध्ये ५,००० व्हिडिओंपर्यंत जागा असते, त्यामुळे जागेची काळजी नको. अभ्यासासाठी हे दहा मिनिटांचे काम पहिल्याच दिवशी करून ठेवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

बराच वेळ चालून मग थांबते

तुम्ही पाहत नसताना डेटा वाया जाऊ नये म्हणून यूट्यूब मधूनच थांबून विचारणा करते. कंपनीच्या मदत पानांनुसार मोबाइल डेटावर ३० मिनिटे तुमच्याकडून काहीच हालचाल नसेल तर ऑटोप्ले थांबते, आणि वाय-फायवर ४ तासांनी थांबते. रात्रभर कीर्तन किंवा दिवसभर दुकानात गाणी लावणाऱ्यांना हा अनुभव येतोच. ही मर्यादा बदलण्याचे सेटिंग नाही. अधूनमधून पडद्याला स्पर्श करणे किंवा मोबाइल डेटाऐवजी वाय-फाय वापरणे, एवढेच आपल्या हाती असते. विचारणा येऊच नये म्हणून ब्राउझरमध्ये बसवायची काही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात, परंतु पाहत असलेली प्रत्येक गोष्ट वाचण्याची परवानगी मागणारे अनोळखी एक्स्टेन्शन घरच्या संगणकावर बसवणे मला पटत नाही.

याशिवाय वेळेशी जोडलेल्या आणखी काही सोयी पाहून घ्याव्यात. व्हिडिओवरील दातेरी चाकाच्या, म्हणजे सेटिंगच्या चिन्हामागे स्लीप टायमर असतो. त्यात मिनिटांच्या पर्यायांसोबत ‘व्हिडिओ संपल्यावर’ असाही पर्याय आहे. तो निवडलेला असेल तर चालू व्हिडिओ संपताच सगळे शांत होते आणि प्लेलिस्ट अडल्यासारखी वाटते. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये विश्रांतीची आणि झोपेच्या वेळेची आठवण करून देणाऱ्या दोन सूचना असतात. त्या चालू असतील तर ठरल्या वेळी व्हिडिओ थांबवून चौकट दाखवतात. अँड्रॉइड फोनमधील डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमधील स्क्रीन टाइम या सोयींमध्ये यूट्यूबसाठी दिवसाची मर्यादा घातली असेल, तर ती संपल्यावर ॲपच बंद होते. मुलांच्या फोनवर पालकांनीच ती घातलेली असते आणि नंतर पालकच विसरलेले असतात.

ठरावीक व्हिडिओपाशी अडते

मालकाने काढून टाकलेला किंवा खाजगी केलेला व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये रिकामी जागा धरून राहतो. सहसा असे व्हिडिओ लपवले जातात, आणि प्लेलिस्टच्या पानावर तीन ठिपक्यांच्या यादीतून अनुपलब्ध व्हिडिओ दाखवण्याचा पर्याय निवडला की ते दिसू लागतात. आपली प्लेलिस्ट असेल तर ते एकेक करून काढून टाकावेत. जुन्या प्लेलिस्टची अशी साफसफाई वर्षातून एकदा तरी करावी.

प्रक्षेपणाची वेळ अजून आलेली नाही असा आगामी व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये असेल तर तिथे उलटी गणती दाखवणारा पडदा येतो. चालू असलेले थेट प्रक्षेपण असेल तर ते संपेपर्यंत पुढचा व्हिडिओ येणारच नाही; देवळातील चोवीस तासांचे थेट दर्शन कुणी हौसेने आरतीच्या प्लेलिस्टमध्ये घातले तर आरत्या तिथेच संपतात. वयाची अट असलेल्या व्हिडिओसाठी खात्यात प्रवेश केलेला असावा लागतो. नकोसे व्हिडिओ गाळणारा ‘प्रतिबंधित मोड’ चालू असेल तर काही व्हिडिओ दिसतच नाहीत, आणि शाळा, महाविद्यालय किंवा ग्रंथालयाच्या इंटरनेटवर तो तिथल्या व्यवस्थापकांनी लावलेला असू शकतो. अशा वेळी तुमच्या फोनवरून तो बंद होत नाही. मोबाइल डेटावर तीच प्लेलिस्ट लावून पाहिली की लगेच कळते.

बडबडगीतांची प्लेलिस्ट बनवू पाहणाऱ्या आई-बाबांना एक गोष्ट सांगायला हवी. ‘मुलांसाठी बनवलेला’ अशी नोंद असलेला व्हिडिओ पाहताना त्याच्याखालचे जतन करण्याचे बटण चालत नाही. जानेवारी २०२० पासून, मुलांच्या माहितीच्या संरक्षणासंबंधी अमेरिकेतील कायद्यामुळे यूट्यूबने अशा व्हिडिओंवरील काही सोयी काढून घेतल्या. फोन बिघडलेला नसतो आणि तुमचेही काही चुकलेले नसते. अशा वेळी त्या वाहिनीने स्वतः तयार केलेली प्लेलिस्ट तिच्या पानावरून उघडावी. ती क्रमाने चालते.

संगणकावरील ब्राउझर

पूर्वी कुठलेही पान उघडले की आवाजासकट व्हिडिओ सुरू होत आणि लोक वैतागत. म्हणून ब्राउझरांनी स्वतःचे निर्बंध आणले: सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ मध्ये. या नियमांचे सार असे की, तुम्ही पानावर एखादे बटण दाबेपर्यंत आवाजासह व्हिडिओ आपोआप सुरू होऊ द्यायचा नाही. मुका व्हिडिओ मात्र चालू द्यायचा. त्यामुळे लिंक नव्या टॅबमध्ये उघडल्यावर पहिला व्हिडिओ थांबलेला दिसला तर ‘प्ले’ एकदा दाबणे पुरेसे असते, आणि पुढचे व्हिडिओ सहसा विनाअडथळा लागतात.

तसे होत नसेल तर संकेतस्थळाची परवानगी तपासावी. फायरफॉक्समध्ये सेटिंगमधील गोपनीयता आणि सुरक्षा या विभागात ऑटोप्लेचे तीन पर्याय आहेत: आवाज आणि व्हिडिओ दोन्हींना परवानगी, फक्त आवाज रोखणे, आणि दोन्ही रोखणे. तिथेच अपवादांच्या यादीत यूट्यूबला पूर्ण परवानगी देता येते. सफारीमध्ये यूट्यूब उघडे असताना ‘या संकेतस्थळासाठीची सेटिंग’ असा पर्याय निवडला की ऑटोप्लेचा तक्ता येतो. त्यात सर्व ऑटोप्लेला परवानगी द्यावी. एजमध्येही माध्यमांच्या ऑटोप्लेचे सेटिंग आहे. क्रोममध्ये असा सोपा पर्याय नाही, म्हणून क्रोमवर अडचण आली तर दोषाची शक्यता बहुतेकदा एक्स्टेन्शनकडे वळते.

एक्स्टेन्शन तपासण्याची सोपी रीत म्हणजे तीच प्लेलिस्ट खाजगी (इनकॉग्निटो) विंडोत उघडून पाहणे. क्रोमच्या खाजगी विंडोत तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शन चालत नाहीत. तिथे प्लेलिस्ट नीट पुढे गेली तर मूळ विंडोतील एक्स्टेन्शन एकेक बंद करून पाहावे, आणि सुरुवात जाहिराती अडवणाऱ्यापासून करावी. खाजगी विंडोत तुम्ही खात्यात नसता, त्यामुळे खाजगी प्लेलिस्ट तिथे उघडणार नाही; चाचणीसाठी एखादी सार्वजनिक प्लेलिस्ट घ्यावी. आणखी एक झटपट चाचणी कळफलकावर होते: शिफ्ट आणि एन ही दोन बटणे एकत्र दाबली की प्लेलिस्टमधला पुढचा व्हिडिओ लागतो. तो लागला तर प्लेलिस्ट शाबूत आहे आणि अडचण फक्त आपोआप पुढे जाण्यात आहे, एवढे निश्चित होते.

पडदा बंद झाला की आवाजही जातो

मोबाइलवर यूट्यूबच्या पडद्यामागे, म्हणजे फोन लॉक करून किंवा दुसरे ॲप उघडून ऐकत राहणे, ही यूट्यूब प्रीमियम या सशुल्क सदस्यत्वातील सोय आहे. भारतात ते मार्च २०१९ पासून मिळते. सदस्यत्व नसेल तर पडदा बंद होताच व्हिडिओ थांबणे हा नियमच आहे आणि त्यावर कुठल्याही सेटिंगचा उपाय नाही. पडदा चालू ठेवून फोन चार्जरला लावून ठेवणे, हा साधा मार्ग उरतो. प्रकाश कमी ठेवला की बॅटरीही कमी लागते.

सदस्यत्व असूनही दोन-तीन व्हिडिओंनंतर आवाज बंद पडत असेल तर फोनची बॅटरी वाचवण्याची सोय पाहावी. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, ॲप, यूट्यूब आणि त्यातील बॅटरी अशा वाटेने जाऊन ‘निर्बंध नाही’ असा पर्याय निवडावा. शब्द फोनच्या कंपनीनुसार थोडे बदलतात, वाट साधारण हीच राहते. बॅटरी सेव्हर कायम चालू ठेवण्याची सवय अनेकांना असते. चाचणीपुरता तो बंद करावा.

टीव्हीवर

टीव्हीच्या यूट्यूब ॲपमध्ये ऑटोप्लेचे सेटिंग वेगळे असते. फोनवर चालू असले म्हणून टीव्हीवर चालू असेलच असे गृहीत धरू नये. फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवत असाल तर आधी टीव्हीशी जोडणी करावी आणि मग प्लेलिस्ट पहिल्यापासून लावावी. व्हिडिओ अर्धा झाल्यावर जोडणी केली की कधी कधी तेवढाच एक व्हिडिओ टीव्हीच्या रांगेत जातो. घरातील दुसऱ्या कुणाचा फोन त्याच टीव्हीला जोडलेला असेल तर त्याने घातलेले व्हिडिओही त्याच रांगेत मिसळतात. अनेक टीव्हींना काही तास रिमोट वापरला नाही की आपोआप बंद होण्याचे सेटिंग असते, तेही एकदा पाहावे.

तरीही अडलेच तर

आधी ॲप अद्ययावत करावे आणि फोन एकदा बंद करून चालू करावा. त्यानंतर अँड्रॉइडवर ॲपच्या साठवणीच्या पानावर जाऊन फक्त कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती, साफ करावी. शेजारचेच ‘डेटा साफ करा’ हे बटण घाईत दाबू नये, कारण त्याने ॲपमध्ये उतरवून ठेवलेले व्हिडिओ आणि सेटिंग पुसली जातात. आयफोनवर ॲप काढून पुन्हा घालावे लागते, आणि तिथेही उतरवलेले व्हिडिओ जातात. मग तीच प्लेलिस्ट दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने आणि त्याच फोनवर दुसऱ्या खात्याने लावून पाहावी. खाते बदलल्यावर ती चालली तर कारण खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. फोन बदलल्यावर चालली तर कारण फोनमध्ये आहे. दोन्हीकडे एकाच ठिकाणी अडली तर प्लेलिस्टमधला तो व्हिडिओ पुन्हा तपासावा.

यातूनही उलगडा झाला नाही तर ॲपमधील ‘मदत आणि अभिप्राय’ या पर्यायातून तक्रार पाठवावी. ती पाठवताना ‘ऑटोप्ले चालत नाही’ एवढेच लिहू नये. फोनचे किंवा ब्राउझरचे नाव, ॲपची आवृत्ती, प्लेलिस्टची संपूर्ण लिंक, कितव्या व्हिडिओनंतर अडते तो क्रमांक, अडल्यावर पडद्यावर काय दिसते आणि वाय-फाय होते की मोबाइल डेटा, हे सारे लिहावे आणि थांबलेल्या पडद्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडावा.